तुम्ही विचारलंत म्हणून: लेकरांना का सांगितलं?

गिरणीत, हळदीकुंकवाला, परवा तर चाळीसगावच्या प्लॅटफॉर्मवर गाडीची वाट बघतानासुद्धा: "एवढ्याशा लेकरांना कॅन्सर सांगायचा असतो का गं?"

नव्हतंच सांगितलं, बायांनो. मीही तुमच्यातलीच होते. सासूबाई म्हणाल्या, "पोरेसले काय समजस!" आणि मला ते सोयीचं वाटलं. तपासण्या, रिपोर्ट, पहिली केमो. मुंबईच्या प्रत्येक खेपेला घरी एकच निरोप, आई-पप्पा लग्नाला गेलेत. भर आषाढात! 9 वर्षांच्या पोरीला आषाढात लग्नं लागत नाहीत हे ठाऊक असतं. तिने काही विचारलं नाही. मला वाटलं, खपलं.

केमोनंतरच्या सतराव्या दिवशी, रविवारी, ती माझी वेणी घालायला बसली. कंगव्याबरोबर केसांचा झुबकाच तिच्या हातात आला. मी म्हटलं, "उन्हामुळे गळतात." ती उठून गेली. त्यानंतर कंगव्याला तिने हात लावला नाही.

आठवड्याभराने गल्लीत "केसांवर फुगेऽऽ" अशी आरोळी आली. धाकट्याने तिच्या दप्तरातली प्लास्टिकची पिशवी नेऊन दिली आणि दोन फुगे घेऊन नाचत आला. पोरगी अनवाणी फुगेवाल्यामागे धावली, पार मारुतीच्या पारापर्यंत. मी मागून धापा टाकत पोचले तर ती त्याच्या सायकलीला धरून रडत होती, "माझ्या आईचे आहेत, परत द्या." बिचाऱ्याने पिशवी दिली, फुगेही राहू दिले.

रोज माझ्या उशीवरचे केस ती गोळा करत होती. आपण जोरात विंचरलं म्हणून गळले, डॉक्टर परत लावतील, असा तिचा हिशोब.

त्या रात्री दोघांना सांगितलं. नाव घेऊन. की हे औषध भराभर वाढणाऱ्या पेशी मारतं, त्यात केसांची मुळंही सापडतात. तुझा हात नाही, आणि हे कुणाला लागत नाही. तरी धाकटा चार दिवस माझ्या ताटात जेवला नाही. म्हणजे तुमचंही अगदीच चूक नाही. आणि पोरीने "तू मरशील का?" विचारलं, तेव्हा मी भाकरी करपतेय म्हणून उठले. तव्यावर काहीच नव्हतं.

पुढच्या केमोची तारीख धाकट्याने कॅलेंडरवर पेन्सिलीने गोल केलीय. खाली लिहिलंय: लग्न.