आईसोबत मसाई मारा: सहा दिवसांत जे कामाला आलं

केनियाला जायचं ठरलं की तिकिटाआधी लशीचं बघा. आम्ही तिघं, मी, नवरा आणि माझी ६७ वर्षांची आई, जून २०२५ मध्ये तिथल्या मसाई मारा अभयारण्यात जाऊन आलो. सगळ्यात जास्त धावपळ झाली ती पिवळ्या तापाच्या लशीपायी. केनियातून भारतात परतताना हे प्रमाणपत्र दाखवावं लागतं. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. लस सरकारमान्य केंद्रावरच मिळते, आधी वेळ घ्यावी लागते आणि टोचल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं. एकदा घेतली की आयुष्यभर चालते.

साठी ओलांडलेल्यांना ही लस देताना डॉक्टर जास्त विचार करतात, कारण त्या वयात गंभीर दुष्परिणामांची शक्यता थोडी वाढते. अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी असेल तरी आधी सांगायला हवं. आईला आम्ही आधी नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं, बीपीच्या गोळ्या आणि जुने रिपोर्ट दाखवले, त्यांनी होकार दिल्यावरच केंद्रावर गेलो. आईवडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी हे किमान दोन महिने आधी करा. डॉक्टर नको म्हणाले तर सहलीचा बेत बदला, पण हा टप्पा गाळू नका.

मलेरियाच्या गोळ्यांचं त्याच भेटीत विचारून घ्या. काही गोळ्या परतल्यावर आठवडाभर, तर काही चार आठवडे चालू ठेवाव्या लागतात. घरी आल्यावर बहुतेकांचा त्या घ्यायचा कंटाळा सुरू होतो. आम्ही आईच्या गोळ्यांच्या तारखा कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवल्या होत्या. परतल्यावर वर्षभरात कधीही ताप आला तर डॉक्टरांना आफ्रिकेला जाऊन आल्याचं आवर्जून सांगा.

केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसा बंद करून ऑनलाइन प्रवास परवाना सुरू केला आहे. शुल्क साधारण ३० डॉलर. प्रत्येकाचा वेगळा अर्ज लागतो, लहान मुलांचासुद्धा. शोधताना वरती दलालांची संकेतस्थळं दिसतात आणि ती दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. सरकारी पत्त्याच्या शेवटी 'गो डॉट केई' असतं, तेवढं बघून घ्या.

सामान भरताना घरात प्लास्टिकच्या पिशव्यांचा ढीग पडला होता. चिवडा एकीत, लाडू दुसरीत, ओले कपडे तिसरीत. त्या सगळ्या मी परत काढल्या. केनियात ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे आणि २०२० पासून अभयारण्यांत एकदा वापरून फेकायच्या बाटल्याही चालत नाहीत. आईने जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवल्या, खाऊ स्टीलच्या डब्यात गेला. कपडे मातकट, खाकी रंगाचे घ्या. गडद निळा आणि काळा रंग तिकडच्या चावऱ्या त्सेत्से माशीला खेचतो, आणि लष्करी छापाचे कपडे तर घरीच ठेवा. जून-जुलै तिकडे थंडीचे दिवस. पहाटे उघड्या छताच्या गाडीत स्वेटर आणि कानटोपी दोन्ही लागले.

आम्ही २४ जूनला रात्री नैरोबीत उतरलो. दुसऱ्या दिवशी जिराफ बघायला जायचं ठरलं होतं. पण २५ जून ही तारीख तिकडे साधी नाही. २०२४ मध्ये त्या दिवशी कर आंदोलनात निदर्शक संसदेत घुसले होते, लोकांचे जीव गेले होते. वर्षश्राद्धाला पुन्हा मोर्चे निघणार हे शहरात सगळ्यांना ठाऊक होतं. तारखा निवडताना मी फक्त प्राणी कधी दिसतात तेवढंच पाहिलं, हे माझं चुकलं. गाइडने रात्रीच फोन करून सांगितलं, उद्या हॉटेलबाहेर पाऊल टाकू नका. आम्ही टाकलं नाही. दिवसभर टीव्हीवर काटेरी तारांनी बंद केलेले रस्ते आणि अश्रुधूर बघत बसलो. आई दर थोड्या वेळाने म्हणायची, "लेकरं आहेत गं ती सगळी." तेव्हा २५ जून आणि ७ जुलै (१९९० च्या लोकशाही आंदोलनाचा स्मरणदिन, तेव्हाही मोर्चे निघतात) या तारखांना नैरोबीच्या मध्यभागी मुक्काम ठेवू नका. एरवीही अंधार पडल्यावर पायी फिरू नका, गाडीच्या खिडकीशी फोन धरू नका, पोलीस आणि सरकारी इमारतींचे फोटो काढू नका. सोमालियाच्या सीमेलगतचा भाग तर पर्यटकांनी टाळायचाच.

खरा धोका मला रस्त्यावर जाणवला. नैरोबीहून नैवाशा तळ्याकडे जाताना रिफ्ट व्हॅलीचा घाट लागतो. अरुंद रस्ता, ट्रकांची रांग आणि वळणावर ओव्हरटेक करणाऱ्या मतातू, म्हणजे तिकडच्या वडाप गाड्या. रात्रीचा प्रवास कार्यक्रमात असेल तर तो बदलून घ्या. मागच्या सीटलाही पट्टे आहेत का हे बुकिंगच्या वेळीच विचारा.

गाडीबाबत आमची फसवणूक झाली. ज्यांच्याकडे बुकिंग केलं त्यांनी फोनवर लँड क्रूझर कबूल केली होती, आली इंजिनाचा जोर फक्त दोनच चाकांना मिळणारी व्हॅन. माझ्याकडे लेखी काहीच नव्हतं. मारातल्या दुसऱ्या दिवशी दुपारी सर आली आणि तलेकच्या बाजूला व्हॅन रुतली. आईने खिडकीतून चाकाला चिकटलेला गोळा पाहिला आणि म्हणाली, "ही तर आपली कापसाची काळी." अगदी खरं. तिकडेही तिला ब्लॅक कॉटन सॉइल म्हणतात. आईचं सगळं आयुष्य वर्धा जिल्ह्यातल्या काळ्या शेतात गेलं. पावसात ही माती बैलाचा पायसुद्धा धरून ठेवते, हे तिला कुणी सांगायला नको. दीड तास आम्ही गाडीतच बसून होतो. शे-दीडशे पावलांवर दोन तरस फिरत होते, त्यामुळे उतरून धक्का द्यायचा प्रश्नच नव्हता. गाइडने वायरलेसवरून बोलावलेल्या क्रूझरने शेवटी साखळी लावून ओढून काढलं.

म्हणून पैसे भरण्याआधी गाडीचा प्रकार, फोर बाय फोर (म्हणजे चारही चाकांना जोर), वायरलेस आणि खिडकीची सीट हे ईमेलवर लिहून घ्या. केनियाच्या पर्यटन नियामक प्राधिकरणाचा परवाना मागा. गाइडकडे तिथल्या सफारी गाइड संघटनेचा ब्राँझ, सिल्व्हर किंवा गोल्ड बिल्ला आहे का तेही विचारा. आमच्या गाइडकडे सिल्व्हर होता आणि त्याच्या शब्दावर आम्ही सहा दिवस निर्धास्त राहिलो.

तो आईला 'मामा' म्हणायचा. स्वाहिलीत मोठ्या बाईला असंच म्हणतात. आई पहिल्यांदा चमकली, मग तिला ते आवडायला लागलं. तिकडे गाडीला गारी म्हणतात, दुकानाला दुका, पैशाला पेसा. चपाती ती चपातीच, आणि कांदा-टोमॅटोच्या कोशिंबिरीला कचुंबारी! सोबतीला राजम्यासारखी मऊ उसळ. शाकाहारी माणसाची तिथे काहीच अडचण होत नाही. नळाचं पाणी मात्र पिऊ नका.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास एक सिंहीण गवतातून सरळ आमच्याकडे आली आणि गाडीच्या सावलीत बसली. माझ्या खिडकीपासून हातभरावर. एक कान फाटलेला, हनुवटीखाली वाळलेल्या रक्ताची रेघ, डोळ्यांच्या कडेला माश्या. श्वासाबरोबर बरगड्या वरखाली होत होत्या आणि उग्र वास थेट आत येत होता. आईच्या पदराचं टोक खिडकीबाहेर गेलं होतं, वाऱ्यावर हलत होतं. सिंहिणीची नजर तिकडे गेली. गाइड ओठ न हलवल्यासारखा म्हणाला, "मामा, पोले पोले." हळूहळू. आईने पदर बोटाबोटाने आत ओढला, मी काच वर घेतली. सिंहीण आणखी थोडा वेळ तशीच बघत राहिली आणि मग तिने मान टाकली. तिला गाडी म्हणजे एक मोठं सलग जनावर वाटतं. बाहेर काही हललं, कुणी उभं राहिलं, हात काढला, की त्यातला माणूस तिला वेगळा दिसतो, असं गाइडने नंतर समजावलं. साडी नेसणाऱ्यांनी सफारीत पदर खोचून घ्यावा, लहान मुलांना खिडकीपासून आत बसवावं.

पाणघोड्याबद्दल लोकांना गैरसमज आहे. दिसायला सुस्त, पण रात्री चरायला तो लॉजच्या हिरवळीपर्यंत येतो आणि पाण्याकडची वाट अडली की धावून जातो. नैवाशात जेवून खोलीकडे जाताना रखवालदाराशिवाय निघू नका, पन्नास पावलं असली तरी. बोटीत लाइफ जॅकेट घाला आणि नावाडी अंतर राखून बोट नेतोय ना, याकडे लक्ष ठेवा. तंबूत खाऊ उघडा ठेवू नका, माकडं चेन उघडतात.

सोबत वयस्कर माणूस असेल तर स्वच्छतागृहाचं आधीच बोलून ठेवा. सफारीवर चार-पाच तास सोय नसते. आई लाजेपोटी पाणीच पीत नव्हती. पहिल्या दिवशी संध्याकाळी तिचं डोकं धरलं तेव्हा मला ते कळलं. गाइडला सांगितल्यावर तो दर दोन तासांनी एखाद्या लॉजकडे किंवा गेटकडे गाडी वळवायला लागला. ओआरएसची पाकिटं नेहमी जवळ ठेवा. प्रवास विम्यात विमानाने रुग्णालयात हलवण्याचा खर्च येतो का ते नीट वाचा, कारण मारातून नैरोबी रस्त्याने पाच-सहा तास आहे. तातडीचा क्रमांक ९९९ किंवा ११२.

पैशांचं एक गणित. मसाई माराचं प्रवेश शुल्क परदेशी प्रौढाला जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर आहे. तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहापर्यंत चालतं. आत मुक्काम करून शेवटच्या दिवशी सकाळी दहाच्या आत गेटबाहेर पडलात तर नवं तिकीट लागत नाही. आम्ही ३० जूनला साडेनऊला सेकेनानी गेटमधून बाहेर आलो. विल्डबीस्टचे, म्हणजे गाईसारख्या दिसणाऱ्या तिकडच्या हरणांचे, मोठे कळप नदी ओलांडताना बघायचे असतील तर जुलैअखेर ते ऑक्टोबर जा आणि दुपटीची तयारी ठेवा. तेव्हाही एका जागी तासन् तास थांबावं लागतं. आम्हाला ते दिसले नाहीत. मला त्याची हळहळ वाटली, आईला मुळीच नाही.

मुंबईत उतरल्यावर आरोग्य कक्षाच्या रांगेत आमच्या पुढचं एक जोडपं पिशव्या उपसत होतं, कार्ड चेक-इनच्या बॅगेत राहिलं होतं. आईने ब्लाउजमधला छोटा बटवा काढला. त्यात घडी घातलेलं पिवळं कार्ड होतं आणि माराच्या काळ्या मातीचा सुपारीएवढा वाळका गोळा. मी बघतेय हे लक्षात येताच तिने तो मुठीत धरला आणि कार्ड पुढे केलं.