इलियड अपडेट: अकरा ते अठरा हा एकच दिवस आहे!

मंडळी, होमरच्या इलियडचा, म्हणजे ग्रीक आणि ट्रोजन यांच्या युद्धावरच्या जुन्या ग्रीक महाकाव्याचा, गुंता सुटला एकदाचा! मागच्या वेळी म्हटलं होतं ना की सहाव्या सर्गात ट्रोजन राजपुत्र हेक्टरचं पोर शिरस्त्राणाच्या तुऱ्याला बघून रडतं तिथे जीव अडकला होता, नववा पण एका दमात झाला, आणि अकराव्यापासून जी कापाकापी सुरू झाली त्यात गाडी पार रुतली. कोणीतरी कोणाला तरी भाला मारतो, त्याचा बाप कोण, गाव कुठलं, मेला, पुढचा. वहीत नावांची यादी केली, ग्रीक निळ्या पेनने, ट्रोजन लाल, पण यादी वाढतच गेली आणि उपयोग शून्य, कारण त्यातली निम्मी माणसं फक्त मरायलाच येतात.

मग सुचलं की महाभारतात आपण युद्ध दिवसांवर मोजतो, आज कितवा दिवस, सेनापती कोण, तर इथे पण सर्ग सोडून सूर्य बघू. आणि बघते तर काय! अकराव्याच्या पहिल्या ओळींत पहाट होते, आणि तो सूर्य मावळतो थेट अठराव्यात, तोही देवांची राणी हेरा त्याला मनाविरुद्ध लवकर पाठवते म्हणून. मधल्या पाच हजारांवर ओळी, म्हणजे अख्ख्या काव्याचा साधारण तिसरा हिस्सा, एका दिवसाचा!!

एवढं कळल्यावर नावांची यादी बंद केली आणि फक्त पॅट्रोक्लसच्या, म्हणजे अकिलीसच्या जिवलग मित्राच्या, मागे लागले. अकराव्यात अकिलीस, म्हणजे रुसून लढाईबाहेर बसलेला ग्रीकांचा सर्वांत मोठा योद्धा, जहाजावरून बघतो की म्हातारा ग्रीक राजा नेस्टर रथातून कोणालातरी जखमी घेऊन चाललाय, आणि पॅट्रोक्लसला विचारून यायला पाठवतो. तो बाहेर येतो तिथेच कवी सांगून टाकतो की इथून त्याच्या वाइटाची सुरुवात झाली. जखमी असतो मॅकेऑन, म्हणजे वैद्यच. नेस्टर लांबलचक भाषण देतो (मला फार आवडलं, कितीही लांब असू दे), आणि परतताना मांडीत बाण घुसलेला ग्रीक योद्धा युरिपिलस लंगडत समोर येतो. एक वैद्य जखमी, दुसरा लढाईत, मग पॅट्रोक्लसच त्याला आत नेतो, कातड्यांवर निजवतो, सुरीने बाण कापून काढतो, कोमट पाण्याने रक्त धुतो, हाताने कडू मुळी चुरडून जखमेवर लावतो. रक्त थांबतं.

आणि तो तिथेच बसतो! बाराव्यात हेक्टर दगडाने ग्रीक तळाचा दरवाजा फोडतो, तेराव्यात समुद्रदेव पोसायडन ग्रीकांना सावरतो, चौदाव्यात हेरा देवांचा राजा झ्यूसला झोपवते, आणि हा सगळा वेळ पॅट्रोक्लस तंबूत औषध लावत, गप्पा मारत त्या माणसाचं मन रमवतोय. पंधराव्यात ट्रोजन आत घुसलेले दिसतात तेव्हा मांड्यांवर हात आपटून उठतो, आणि सोळाव्याच्या सुरुवातीला अकिलीससमोर रडत उभा. निरोप आणायला गेलेला माणूस एका जखमी दोस्तासाठी थांबला, आणि तेवढ्यात अख्खं युद्ध फिरलं. ही रचना ज्याने केली त्याला माझा साष्टांग नमस्कार.

अनुवादाबद्दल: अशा पाठलागाला ओळींचे आकडे हवेतच. माझ्या ईबुकात ते नाहीत, त्यामुळे शोधता शोधता वैताग येतो. लॅटिमोरचा 1951 चा अनुवाद मूळ ओळींच्या बरोबरीने चालतो, संदर्भाला तोच बरा. मोठ्याने वाचायला मात्र एमिली विल्सनचा 2023 चा, त्याला ठेका आहे.

आता सतरावा घेणार होते, पण हे लिहिता लिहिताच ठरवलं, नको. सुट्टीच्या दिवशी पहाटे अकरावा उघडायचा आणि सूर्य मावळेपर्यंत अठराव्यात पोचायचं, एकाच दिवसात. तेराव्यात क्रीटचा राजा इडोमेनियस याचा भाग लांब आहे, तिथे दम लागणार, तो कोणी मोठ्याने वाचून पार केला असेल तर किती वेळ लागला ते सांगा, त्यावर जेवणाची वेळ ठरवते.