कलकत्त्याचा अंमल सुटला, मग कायदा आला : पिनांगमधली भटकंती

मलेशियातल्या पिनांग बेटावरच्या जॉर्ज टाउन शहराच्या टोकाला, समुद्राला अगदी खेटून, फोर्ट कॉर्नवॉलिस उभा आहे. सह्याद्रीतले गडकोट पायाखाली घातलेल्या माणसाला तो पाहून किंचित हसू येते, कारण तटबंदी बेताच्या उंचीची आहे, फेरफटक्याला अर्धा तास पुष्कळ होतो आणि या किल्ल्याने लढाई कधी पाहिलीच नाही. नाव मात्र थेट कलकत्त्याहून, गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिसवरून आलेले आहे. ११ ऑगस्ट १७८६ रोजी कॅप्टन फ्रान्सिस लाइट याने ईस्ट इंडिया कंपनीच्या वतीने येथे निशाण लावले आणि बेटाला प्रिन्स ऑफ वेल्स आयलंड असे नाव दिले.

लाइटचा उल्लेख शहरात सर्वत्र संस्थापक म्हणून होतो. समोरच्या किनाऱ्यावरील केदाह या सुलतानांच्या राज्याच्या बाजूने पाहिले तर हीच गोष्ट बरीच वेगळी दिसते. सुलतान अब्दुल्ला यांना सयामच्या (आजच्या थायलंडच्या) दडपणाविरुद्ध लष्करी मदत हवी होती आणि तिच्या आशेवरच त्यांनी बेट देऊ केले होते. कंपनीने असे संरक्षण देण्याचे कधीच मान्य केले नव्हते, तरीही लाइटने सुलतानांना आशेवर ठेवले. फसवणूक लक्षात आल्यावर सुलतानांनी बेट परत घेण्यासाठी पेराई येथे सैन्य जमवले. १७९१ मध्ये लाइटने त्यावर हल्ला करून ते मोडून काढले आणि वर्षाला ६,००० स्पॅनिश डॉलर देण्याचा तह झाला. १८०० मध्ये किनाऱ्यावरची पट्टीही कंपनीने घेतली, तेव्हा ही रक्कम १०,००० झाली. १८२१ मध्ये सयामने केदाह जिंकला त्या वेळी कंपनी हलली नाही, आणि केदाहच्या तेव्हाच्या सुलतानांना आश्रयासाठी पिनांगलाच यावे लागले. आपल्याकडे याच काळात कंपनी राजेरजवाड्यांच्या गळ्यात तैनाती फौज बांधत होती, तर येथे मागूनही ती मिळाली नाही. केदाहला द्यायची रक्कम स्वातंत्र्यानंतर मलेशियाच्या संघराज्य सरकारकडे आली, आणि तो दोन राज्यांमधील राजकीय वादाचा विषय आजही आहे.

बेट ताब्यात आले, पण कायदा कोणता चालवायचा हे वीस वर्षे ठरलेले नव्हते. चिनी, मलय, तमिळ मुसलमान अशा समाजांचे कपितान, म्हणजे प्रमुख, आपापल्या लोकांचे तंटे सोडवत असत, आणि युरोपीय माणसाने खून केला तरी त्याच्यावर येथे खटला चालवण्याचा अधिकार कोणाकडे नव्हता. १८०१ मध्ये कलकत्त्याहून न्यायाधीश म्हणून आलेल्या जॉन डिकन्सने, आपल्यापाशी निसर्गनियमाखेरीज दुसरा कायदा नाही, अशा आशयाची तक्रार केली होती. १८०५ मध्ये पिनांगला बंगाल, मद्रास आणि मुंबईच्या बरोबरीने चौथ्या इलाख्याचा दर्जा मिळाला, आणि १८०७ च्या राजसनदेने रीतसर न्यायालय स्थापन झाले. रहिवाशांचे धर्म आणि चालीरीती जेथवर वाव देतील तेथवरच न्यायालयाने आपला अधिकार चालवावा, असे त्या सनदेत होते.

१८२६ मध्ये मलाक्का आणि सिंगापूर जोडून सामुद्रधुनी वसाहती तयार झाल्या. खर्च परवडत नाही म्हणून १८३० मध्ये इलाखा मोडण्यात आला, आणि त्यातून जो प्रकार घडला त्याला तोड नाही. सनदेनुसार गव्हर्नर आणि त्याचे सल्लागार हेच न्यायालयाचे न्यायाधीश होते. ती पदेच रद्द झाल्यावर न्यायदान करायला कोणी उरले नाही, असा अर्थ लावून फुलर्टन या मावळत्या गव्हर्नरने न्यायालयेच बंद केली. व्यापाऱ्यांनी ओरड केल्यावर ती १८३२ मध्ये पुन्हा उघडली. दूरच्या राजधानीतल्या काटकसरीने एका वसाहतीचे न्यायदान दोन वर्षे ठप्प व्हावे, ही गोष्ट मला त्या राजवटीबद्दलच्या कोणत्याही मोठ्या ग्रंथापेक्षा अधिक बोलकी वाटते.

लाइट स्ट्रीटवरील उच्च न्यायालयासमोर जेम्स रिचर्डसन लोगन या वकिलाचे संगमरवरी स्मारक आहे. युरोपीय नसलेल्या रहिवाशांची बाजू न्यायालयात मांडणारा वकील म्हणून तो ओळखला जाई आणि १८६९ मध्ये तो वारला. त्याच्या हयातीतच येथील गोऱ्या व्यापाऱ्यांचे कलकत्त्याशी पुरते बिनसले होते. भारतातले, त्यात मुंबई इलाख्यातलेही, जन्मठेपेचे कैदी येथे पाठवले जात. रस्ते आणि इमारती त्यांच्याच श्रमांतून उभ्या राहत, पण १८५७ च्या उठावानंतर हेच कैदी धोक्याचे वाटू लागले. त्यात डॉलरच्या बाजारपेठेवर रुपया लादण्याच्या प्रयत्नाची भर पडली. सिंगापूरच्या व्यापाऱ्यांनी १८५७ मध्येच ब्रिटिश संसदेकडे अर्ज करून भारतापासून सुटका मागितली, आणि १ एप्रिल १८६७ रोजी ती मिळाली.

यातली गंमत पुढेच आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या पहिल्याच कलमात प्रिन्स ऑफ वेल्स आयलंड, सिंगापूर आणि मलाक्का यांना वगळलेले होते, म्हणजे कलकत्त्याच्या अमलाखाली असेपर्यंत ही संहिता येथे लागू नव्हती. ज्या भारतापासून सुटण्यासाठी एवढा खटाटोप केला, त्याचीच संहिता या वसाहतींनी १८७१ मध्ये, स्वतंत्र कारभार मिळाल्यावर, स्वखुशीने स्वीकारली. ती पुढे मलय संस्थानांतही पसरली आणि आज मलेशिया व सिंगापूर या दोन्ही देशांच्या फौजदारी कायद्याचा पाया आहे.

न्यायालयाजवळच्या एका कॉफीच्या दुकानात तमिळ वंशाच्या एका वकिलांशी ओळख झाली. मी मुंबईचा म्हटल्यावर त्यांनी लगेच रतनलाल आणि धीरजलाल यांचे नाव काढले. मुंबईच्या या दोन वकिलांचे दंड संहितेवरील भाष्य येथील न्यायालयांत पिढ्यान्‌पिढ्या आधाराला घेतले गेले आहे, कारण कलमांचे क्रमांकही तेच राहिले : खुनाला ३०२, फसवणुकीला ४२०. मी त्यांना सांगितले की आमच्याकडे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, खून १०३ वर गेला आणि फसवणूक ३१८ वर. त्यांना ते ठाऊक होतेच. त्यांची चिंता व्यवहाराची होती. भारतातले जुने निकाल येथे वापरता येतील, पण नवे निकाल नव्या मसुद्यावर दिले जातील, त्यात काही गुन्ह्यांची व्याख्या आणि शिक्षा बदललेली असेल. त्यामुळे प्रत्येक वेळी मूळ शब्द तेच आहेत का हे ताडून पाहावे लागेल, आणि तरुण वकील त्यापेक्षा सिंगापूरचे निकाल शोधणे पसंत करतील, असे त्यांचे म्हणणे होते.