सूचक आणि अनुमोदक नसलेला ठराव

मार्च २०२२ मध्ये राज्यातील अनेक महानगरपालिकांची मुदत एकाच सुमारास संपली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयात होता, त्यामुळे निवडणुका झालेल्या नव्हत्या. मी ज्या महानगरपालिकेच्या नगरसचिव कार्यालयात, म्हणजे सभांचे कामकाज पाहणाऱ्या कार्यालयात, काम करते, तेथेही शासनाने आयुक्तांचीच प्रशासक म्हणून नेमणूक केली. मोठ्या खर्चाला मान्यता देणारी निवडक नगरसेवकांची समिती म्हणजे स्थायी समिती; तिचे अधिकार आता प्रशासकांकडे आले होते. त्यानंतरच्या स्थायी समितीच्या पहिल्याच सभेचे इतिवृत्त लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आणि त्या सभेतील एक विषय आजही माझ्या मनातून जात नाही.

मुंबईला १८८८ चा स्वतंत्र कायदा आहे. राज्यातील बाकीच्या महानगरपालिका १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमावर चालतात. या अधिनियमाने सत्ता एका हाती दिलेली नाही. कार्यकारी अधिकार कलम ६७ अन्वये आयुक्तांकडे आहेत आणि आयुक्त शासन नेमते. मात्र ठरावीक रकमेपुढचा करार करायचा झाला तर कलम ७३ प्रमाणे त्यांना स्थायी समितीची मान्यता घ्यावीच लागते. अंदाजपत्रक आयुक्त मांडतात, स्थायी समिती त्यात फेरफार करते आणि अंतिम मंजुरी सर्वसाधारण सभा देते. सभागृहातील एकूण सदस्यांपैकी पाच अष्टमांश सदस्यांनी ठराव केला, तर आयुक्तांना परत बोलवा असे शासनाला सांगता येते. महापौरांना मान मोठा असला, तरी कार्यकारी अधिकार जवळजवळ नाहीत. पाणी आले नाही म्हणून महापौरांच्या दालनासमोर ठिय्या देणाऱ्या नागरिकांना ही गोष्ट कोणी समजावून सांगत नाही, आणि निवडून आलेल्यांनाही ती सांगण्यात रस नसतो.

या रचनेचा खरा पुरावा इतिवृत्तात असतो. ठरावाखाली तो मांडणाऱ्या सूचकाचे आणि त्याला पाठिंबा देणाऱ्या अनुमोदकाचे नाव लागते. उपसूचना आली तर ती शब्दशः उतरवावी लागते, विरोध नोंदवणाऱ्या सदस्यांची नावे घ्यावी लागतात, विषय तहकूब झाला तर कशासाठी झाला तेही लिहावे लागते, आणि हे सगळे पुढच्या सभेत कायम व्हावे लागते. एखाद्या सदस्याने रागाच्या भरात विचारलेल्या लांबलचक प्रश्नातून त्याचा नेमका आक्षेप दोन ओळींत, त्याला अन्याय न होता, उतरवणे हे कसबाचे काम आहे. ते मी माझ्या वरिष्ठांकडून शिकले आणि त्याचा मला अभिमान आहे.

तो विषय जलवाहिनीचा होता. फेब्रुवारीत तो स्थायी समितीपुढे आला, तेव्हा एका सदस्याने विचारले की ज्या रस्त्याचे नुकतेच काँक्रिटीकरण झाले आहे तोच खोदून वाहिनी का टाकायची, शेजारच्या सेवा रस्त्याने का नाही, आणि रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च कोणत्या लेखाशीर्षातून, म्हणजे अंदाजपत्रकातील कोणत्या खात्यातून, होणार. अभियंत्यांनी माहिती घेऊन सांगतो असे उत्तर दिले. स्थळपाहणी करण्यासाठी विषय तहकूब झाला. पाहणी होण्याआधीच मुदत संपली.

प्रशासकांच्या सभेला समोरच्या खुर्च्यांवर सदस्यांच्या जागी विभागप्रमुख बसले होते. आयुक्त म्हणून ज्यांनी प्रस्तावावर सही केली होती, त्यांनीच स्थायी समितीचे अधिकार वापरून त्याला मान्यता द्यायची होती. नगरसचिव विषय क्रमांक वाचत होते आणि एकामागून एक विषय मान्य होत होते. जलवाहिनीच्या विषयाला तहकुबीची नोंद जोडलेली आहे, अशी चिठ्ठी मी नगरसचिवांच्या पुढे सरकवली. त्यांनी ती वाचून दाखवली. प्रशासकांनी काम तातडीचे आहे का, एवढेच विचारले. अभियंत्यांनी उन्हाळा तोंडावर असल्याचे सांगितले आणि विषय मान्य झाला. सेवा रस्त्याचा प्रश्न कोणी पुन्हा काढला नाही, कारण तो काढण्याचा अधिकार असलेला एकही माणूस त्या सभागृहात नव्हता. कच्च्या इतिवृत्तात सूचक व अनुमोदक यांच्यासमोर काय लिहावे, असे मी विचारले, तेव्हा तो मजकूरच वगळून ‘प्रशासकांनी मान्यता दिली’ असे लिहिण्याची सूचना मिळाली. ती कायद्याला धरूनच होती.

प्रशासकांनी काही गैर केले, असे मला म्हणायचे नाही. त्या वस्तीला पाण्याची खरोखरच गरज होती. निवडून आलेल्या समितीत विषय ज्या कारणांसाठी अडवले जातात, त्यांतील बरीचशी कारणे इतिवृत्तात कधीच येत नाहीत, हेही मी जवळून पाहिले आहे. काही सदस्य केवळ ठेकेदार आपल्याला भेटायला यावा म्हणून तहकुबी मागत. तरीही फेब्रुवारीचा तो प्रश्न खरा होता आणि तो विचारणाऱ्याला उत्तर मिळायला हवे होते. वाहिनी पडली, रस्ता खोदला गेला आणि त्यावर नंतर डांबराची पट्टी ओढण्यात आली. काँक्रीटच्या रस्त्यावर ती पट्टी दोन पावसाळेही टिकली नाही.

जानेवारी २०२६ मध्ये निवडणुका झाल्या आणि नवे सभागृह आले. त्या प्रभागातील एक नवे सदस्य मध्यंतरी कार्यालयात आले आणि त्यांनी त्या ठरावाची प्रत मागितली. चर्चा कुठे आहे, असे त्यांनी विचारले, तेव्हा चर्चेची पाने गहाळ झालेली नाहीत, ती झालीच नव्हती, हे मला त्यांना सांगावे लागले. ठराव आता रद्द करता येईल का, यावर मी टिपणी लिहून दिली: प्रशासकांचा ठराव समितीच्या ठरावाइतकाच बंधनकारक आहे, करार पूर्ण झाला आहे आणि देयकेही अदा झाली आहेत. रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च कोणत्या लेखाशीर्षातून झाला, हे मात्र सदस्य म्हणून त्यांना आजही लेखी विचारता येते. त्यांनी तो प्रश्न दिला आहे. त्यासोबत फेब्रुवारी २०२२ च्या इतिवृत्तातील मूळ आक्षेपाची साक्षांकित प्रत मी जोडली असून, तो लेखा विभागाकडे उत्तरासाठी गेला आहे.