शेठ जेवत नाहीत

कुत्रा जेवत नसेल तर मी त्याचं तोंड उघडून बघतो, पोट चाचपतो. टाकीतला बेट्टा मासा जेवत नसेल तर आधी पाणी तपासतो. म्हणून फोनवरच सांगून ठेवलं होतं, मासा आणाल तेव्हा टाकीतलं थोडं पाणी वेगळ्या बाटलीत आणा. काकांनी आणलेली बाटली धुऊनपुसून लख्ख केलेली, वर सुवाच्य अक्षरात तारीख आणि वेळ. एवढी टापटीप बघितली आणि माझा पहिला संशय तिथेच आला.

मासा गडद निळा नर. डौलात फिरायचा म्हणून घरात त्याला ‘शेठ’ म्हणत. आता पंख अंगाशी मिटून डब्याच्या तळाशी पडून होता. मधूनच कसाबसा वर यायचा, हवेचा एक घोट घ्यायचा, पुन्हा खाली. ‘‘डॉक्टर, दाण्याला तोंडच लावत नाही हो. तोंडासमोर टाकला तरी बघत नाही. संध्याकाळी फुगलेले दाणे चमच्यानं काढतो मी.’’

वरून बघितलं. खवले उभे राहिलेले नव्हते, म्हणजे जलोदर नाही. पोट फुगलेलं नव्हतं, त्यामुळे बद्धकोष्ठाची शक्यताही कमीच. दिवे मालवून टॉर्च तिरका मारला. वेल्वेट या परजीवीच्या रोगात अंगावर सोनेरी भुकटी चमकते, तीही नव्हती. कल्ल्यांच्या कडा मात्र लालभडक होत्या आणि झाकणं नीट मिटत नव्हती.

‘‘काय बदललं होतं टाकीत?’’

‘‘काही नाही. उलट मी सगळी टाकी स्वच्छ केली. खडे नळाखाली घासले. फिल्टरचा स्पंज तर इतका काळाकुट्ट झाला होता, फेकूनच दिला. नवा घातला.’’

बाटलीतलं पाणी परीक्षानळीत घेतलं, अमोनियाच्या चाचणीचे थेंब टाकले आणि नळी काकांच्या हातात दिली. अमोनिया नसेल तर रंग पिवळा राहतो. पिवळा आधी पोपटी झाला, मग चांगला हिरवा. तक्त्याशी जुळवलं तर 2 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत दोन. असायला हवा शून्य.

मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडत असतो. न खाल्लेले दाणे कुजले की त्यात भर पडते. स्पंजवर आणि खड्यांवर वाढणारे जीवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानानं निरुपद्रवी. काकांनी एका दुपारी ते सगळे जीवाणू घासून काढले होते. पाण्यातच अमोनिया जास्त झाला की माशाच्या अंगातला बाहेर पडेना, कल्ले होरपळतात आणि भूक मरते. दुसरा एखादा मासा कधीच गेला असता. बेट्टाला कल्ल्यांच्या वर लॅबिरिंथ नावाचा अवयव असतो, त्यातून तो थेट हवा घेतो. शेठ तेवढ्यावर तगून होते.

काकांनी नवा हीटरही आणला होता. पाणी 22 अंशांवर होतं, बेट्टाला 24 ते 28 लागतं. थंड पाण्यात त्याचं पचनच मंदावतं. उपाय योग्य, पण आज नको म्हटलं. पाणी जितकं गरम आणि सामू (पीएच) जितका जास्त, तितका अमोनियाचा विषारी भाग वाढतो. आधी विष कमी करायचं, मग ऊब. रोज निम्मं पाणी बदला, नवं पाणी जुन्याच तापमानाचं, क्लोरीन मारणारे थेंब घातलेलं. आणि खायला काही म्हणजे काही देऊ नका.

‘‘उपाशी ठेवू? आणि औषध?’’

औषध नाही म्हटल्यावर चेहरा पडला. मोठा बेट्टा काही दिवस उपाशी सहज राहतो, आणि अँटिबायोटिक पाण्यात टाकलं तर उरलेसुरले जीवाणूही जायचे, हे सांगून कसंबसं पटवलं. मग आमच्या दवाखान्यातल्या जुन्या टाकीतला स्पंजचा एक काळा तुकडा कापला आणि तिथल्याच पाण्यात बुडवून पिशवीत दिला. त्या टाकीतले मासे ठणठणीत आहेत हे ठाऊक नसतं तर दिला नसता. स्पंजबरोबर रोगही जातो. काकांनी पिशवी दोन बोटांत धरली. ‘‘म्हणजे पैसे देऊन मी घाण घरी नेतोय?’’

‘‘हो. आणि ती धुवायची नाही.’’

पुढच्या फेरीत चाचणी पिवळी आली, पण नायट्राइट चढलेलं. ते अपेक्षितच होतं, दुसऱ्या टप्प्यातले जीवाणू उशिरा वाढतात. पाणी बदलणं चालू ठेवलं आणि हीटर हळूहळू 26 वर नेला. खाण्याची सुरुवात दाण्यानं केली नाही. बेट्टा मुळात कीटक आणि अळ्या खाणारा. समोर वळवळ दिसली की त्याची भूक चाळवते. म्हणून जिवंत डॅफ्निया, म्हणजे पाण्यातले बारीक जीव, दिले. काकांनी व्हिडिओ पाठवला: शेठ एकाकडे तोंड वळवून बघतात, गट्टम करतात, थुंकतात, आणि तोच पुन्हा गिळतात. मागून काकूंचा आवाज, ‘‘अहो, खाल्लं!’’

आता दिवसाला दोन-तीन दाणे, आठवड्यातून एक उपवास. काकांना हे फार कमी वाटतं, त्यावरून आमची दर वेळी हुज्जत होते. स्पंज मात्र ते टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळतात, आणि तोही नाक मुरडून.