पाम आयलंड आणि पोलिसांचा तपास

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या किनाऱ्याजवळचं पाम आयलंड, तिथली केस वाचून डोकंच फिरलं. २००४ मध्ये तिथल्या पोलिस सार्जंटनं एका आदिवासी माणसाला उचललं आणि साधारण तासाभरात तो कोठडीत मेला, लिव्हर फाटलेलं, बरगड्या मोडलेल्या. तपासाला कोण आलं, तर त्याच सार्जंटच्या ओळखीतले पोलिस, वर रात्री त्याच्याच घरी जेवले पण! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, अजून काय. पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट कळल्यावर लोक भडकले, ठाणं जाळलं, तर दुसऱ्याच दिवशी पहाटे घराघरात बंदूकधारी पोलिस घुसले. सार्जंट मात्र २००७ मध्ये निर्दोष. २०१६ ला फेडरल कोर्टानं पोलिसांनी वंशभेद केला असं ठरवलं, मग २०१८ मध्ये ३ कोटी डॉलरची भरपाई, तीही सरकारनंच भरायची.