साडेअकराची चव: जुळ्या डब्याच्या नोंदी

डब्याची चव आपण सकाळी आठला बघतो आणि मुलं तो साडेअकराला खातात. मधल्या साडेतीन तासांत पदार्थाचं काय होतं, एवढ्या एकाच प्रश्नामागे मी या सत्रात लागलो होतो. पद्धत साधी आहे. शाळेत जाणाऱ्या डब्यासारखाच दुसरा डबा त्याच वेळी, तेवढाच भरायचा, पिशवीत घालून ओट्यावर ठेवायचा आणि साडेअकराला उघडून गरम न करता खायचा. मी घरून काम करतो, म्हणून हे जमतं. आई याला ‘बापाचा डबा’ म्हणते.

खाणारे दोघे. मोठी तिसरीत. फोडणीतली मोहरी दिसलेली तिला चालत नाही, कढीपत्त्याचं तर नावच नको. धाकटा मोठ्या शिशुवर्गात. त्याच्या डब्यात एका पदार्थाने दुसऱ्याला शिवता कामा नये. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय राज्य शासनाने २०२४ मध्ये काढला, त्यामुळे पहाटेची धावपळ गेली. मधली सुट्टी मात्र मोजकी. त्यातच हात धुणं, झाकणाशी झटापट, गप्पा आणि मग खाणं.

आधी पोळी. गरम पोळी लगेच डब्यात कोंबली की वाफेचं पाणी झाकणाला धरतं, खाली टपकतं आणि वरची पोळी लिबलिबीत होते. उघडी ठेवून पूर्ण गार केली तर कडा कडक होतात. आता तव्यावरून उतरवली की लगेच तूप लावतो, पाच-सात मिनिटं जाळीवर ठेवतो आणि मग सुती फडक्यात गुंडाळून डब्यात. गार पोळी चिवट होते ती नुसतं पाणी उडाल्यामुळे नव्हे. शिजलेला स्टार्च गार होताना पुन्हा घट्ट बांधला जातो, आणि फ्रिजमध्ये हे जास्तच वेगाने होतं. त्यामुळे रात्री पोळ्या लाटून फ्रिजमध्ये ठेवण्यापेक्षा कणीक भिजवून ठेवलेली कधीही बरी.

त्याहून बरी दशमी. ही आईची सूचना. दोन वाट्या कणकेला पाऊण ते एक वाटी दूध, चिमूटभर मीठ, मोहनाला चमचाभर तेल आणि अर्धा तास विसावा. साडेअकराला जुळा डबा उघडला तेव्हा दशमी दोन बोटांनी तुटत होती. धाकट्यासाठी हेच महत्त्वाचं, कारण गार पोळी त्याला तोडताच येत नाही. तो पोळी ‘खात नाही’ अशी घरात समजूत होती. खरं तर त्याच्या हातात तेवढा जोर नव्हता.

दशमीवरून पुढची दिशा सापडली. आपण डब्यासाठी नाश्त्याचे पदार्थ उचलतो: कांदेपोहे, उपमा, बेसनाचं धिरडं. हे सगळे ताटलीत वाफाळते असतानाच चांगले. प्रवासाला, शेतावर, गाडीत न्यायच्या शिदोरीचे पदार्थ मुळातच गार खायचे म्हणून बसवलेले आहेत. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशमी, गुळाची पोळी, मेथीचे ठेपले, भाजणीचं थालीपीठ यांत पाणी कमी आणि तेल-तूप बऱ्यापैकी. शिवाय तीळ, ओवा, हिंग यांची चव गार झाल्यावरही टिकते. तेव्हापासून रविवारी आठवड्याची यादी करताना मी नाश्त्याचा विचार सोडून शिदोरीचा करतो.

पोह्यांचंच बघा. कांदेपोहे साडेअकराला मोकळे नसतात, दाणे टणक होतात आणि बटाट्याची फोड घशाखाली उतरत नाही. दडपे पोह्यांना मात्र शेगडीची गरज फोडणीपुरतीच. पातळ पोहे, खोवलेलं ओलं खोबरं, नारळाचं पाणी, लिंबू, आणि दडपून ठेवणं हाच त्यांचा स्वयंपाक. फोडणी गाळणीतून ओतली, मोहरी वर राहिली, मोठीची हरकत संपली. कच्चा कांदा बंद डब्यात फार दरवळतो, त्याऐवजी किसलेलं गाजर घालतो. उन्हाळ्यात मात्र हे बंद. ओलं खोबरं उकाड्यात लवकर आंबतं, आणि याच कारणाने इडलीबरोबर ओली चटणी देत नाही. डाळ्याची कोरडी चटणी तुपात कालवून छोट्या वाटीत देतो.

आप्प्यांबद्दल मुलांचे डबे भरणाऱ्या बऱ्याच जणांचं मत माझ्याशी जुळेल. सत्रातला सगळ्यात कमी परत आलेला पदार्थ हाच. एका घासाचा, हात न माखणारा, शेजारच्या वाटीला न शिवणारा. पण कुठले आप्पे ते महत्त्वाचं. रवा-दह्याचे झटपट आप्पे तव्यावरून (म्हणजे आप्पेपात्रातून) निघताना छान असतात आणि गार झाल्यावर घट्ट बसतात. तांदूळ-उडदाच्या आंबलेल्या पिठाचे मऊ राहतात. पिठात किसलेला दुधी किंवा गाजर पिळून न टाकता घातलं तर आणखी ओलावा. धिरड्यांचंही तसंच: बेसनाचं कोरडं पडून टाळूला चिकटतं, भिजवलेल्या मुगाचं, दुधी घातलेलं बरं टिकतं.

भाज्यांच्या बाबतीत जुळा डबा फार बोलका निघाला. कोबीची भाजी मोठी परत आणायची, ‘वास येतो’ म्हणायची, आणि मी ते नखरे समजून सोडून द्यायचो नाही, पण खात्रीही नव्हती. साडेअकराला झाकण उघडलं आणि तिचं म्हणणं नाकाला पटलं. कोबी जास्त शिजला की गंधकाचा वास सुटतो, आणि झाकणाखाली तो साठतो. जास्त उकडलेल्या अंड्याचंही तेच. आता कोबी बारीक चिरून मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटं परततो, कच्चटपणा जाईपर्यंतच, आणि गार करून भरतो. वास बराच कमी. भेंडीबद्दल तिचं मत असं: ‘बाबा, भेंडी मला आवडते, पण ती डब्यात रडते.’ झाकण न ठेवता परतायची, मीठ अगदी शेवटी आणि पूर्ण गार झाल्यावर भरायची. रडणं थांबलं. बटाट्याच्या काचऱ्यांवर लिहिण्यासारखं काही नाही, त्या नेहमीच संपतात.

भाताचा नियम कडक ठेवला आहे. रात्री बाहेर राहिलेला भात फोडणीला टाकून डब्यात द्यायचा नाही. भातात राहणाऱ्या काही जिवाणूंचे बीजाणू शिजवल्यावरही जिवंत राहतात, बाहेर ठेवलेल्या भातात वाढतात, आणि त्यांनी तयार केलेलं एक विष नंतर परतून जात नाही. सकाळी ताजा शिजवलेला चालतो. दहीभात हवा असेल तर गार भातात भरपूर दूध आणि जेमतेम चमचाभर दही. आंबट न होता साडेअकरापर्यंत तो दाटसर होतो.

फळांचं थोडक्यात: सफरचंदाच्या फोडी मिठाच्या पाण्यात पाच मिनिटं बुडवून निथळल्या तर काळ्या पडत नाहीत, चिकू देऊच नये, डाळिंबाचे दाणे आणि छोटा चमचा याला तोड नाही.

आता खाणाऱ्यांकडे वळतो. एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंची एक मांडणी आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल: काय, केव्हा, कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती हे मुलांनी. घरच्या ताटावर हे पाळणं मला जड जातं, तोंडातून ‘एक घास तरी’ निघतंच. शाळेत मात्र ही मांडणी आपोआप पाळली जाते, कारण तिथे मी नसतो. म्हणून नवी भाजी घरी ताटात वाढण्याआधी मी ती डब्यातच पाठवू लागलो. लिंबाएवढी, वेगळ्या वाटीत, तिच्याबद्दल अवाक्षर न काढता. नवी चव पटायला आठ-दहा, कधी पंधरा वेळाही ती समोर यावी लागते, असं बालआहारावरच्या अभ्यासांतून दिसलेलं आहे. धाकट्याची फरसबी आत्ता ‘चाटून परत’ या टप्प्यावर आहे. मी त्याला प्रगती म्हणतो, बायको म्हणत नाही.

भाज्या दुसऱ्या पदार्थात लपवण्याबद्दल आपल्या डबे भरणाऱ्यांत दोन तट आहेत, हे माहीत आहे. मी लपवतो, पण विचारलं तर खरं सांगतो. बिटाची पोळी गुलाबी दिसते, तिथे खोटं बोलायला जागाच नाही. आणि तीच मोठीने स्वतःहून मागितली, कारण वर्गात कुणाकडेच गुलाबी पोळी नव्हती.

खरी स्पर्धा शेजारच्या डब्याशी आहे. शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त साखर, मीठ, तेलाचे पदार्थ विकू नयेत असा केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. पण बाकावर शेजारी बसणाऱ्याच्या डब्यातल्या नूडल्सला कोणता नियम लावणार? यावर माझा उपाय एवढाच की दोन घास जास्त भरायचे, वाटण्यासाठी. आप्पे वाटले गेले की त्यांचा भाव वाढतो. तिखटमिठाच्या पुऱ्यांना तर आता वर्गातून मागणी येते, आणि ती आमच्या मोठीमार्फत, हुकूम म्हणून येते.

पुढच्या सत्रात नाचणी घ्यायची आहे. नाचणीची आंबोळी गार झाली की कडेला तडकते, गूळ घातला तर बुडाला चिकटते. उडीद वाढवून आणि मूठभर भिजवलेले पोहे वाटून दोन्ही तऱ्हा करून बघणार आहे. कुणाची नाचणी साडेअकरापर्यंत मऊ राहत असेल तर पिठाचं प्रमाण आणि आंबवण्याचे तास नक्की कळवा. लोखंडी तव्यावर करता की बिडाच्या, तेही.